पेंटॅक्स के-१००० : स्वतः काहीच न ठरवणारा कॅमेरा

आज एका कॅमेऱ्याची गोष्ट. या कॅमेऱ्यात ऑटो मोड नाही, ऑटोफोकस नाही, सेल्फ-टायमर नाही. इतकंच काय, चालू-बंद करायचं बटणसुद्धा नाही. १९७६ साली बाजारात आला तेव्हाच तो थोडा मागासलेला होता. आणि तरीही १९९७ पर्यंत, म्हणजे तब्बल २१ वर्षं, तो कारखान्यातून बाहेर पडत राहिला. तीस लाखांहून जास्त नग विकले गेले असं मानतात. सरासरी काढा, वर्षाला साधारण १ लाख ४० हजार कॅमेरे.

नाव पेंटॅक्स के-१०००.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही हे ऐकतोय फोनवर, आमच्या फोनमध्ये तीन-तीन लेन्स आहेत, हे जुनं खटारं कशाला? सांगतो. फोनवर तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन एक फोटो काढत नाही. तो अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकांवर बसवतो, चेहरा उजळवतो, आकाश सावरतो आणि मग तुम्हाला एक निकाल दाखवतो. यात वाईट काहीच नाही, मीसुद्धा रोज तेच वापरतो. पण उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, कशावर नजर ठेवायची, हे सगळे निर्णय मधल्या मध्ये होऊन जातात. के-१००० मध्ये हेच निर्णय तुमच्या बोटांखाली असतात. म्हणून त्याचा इतिहास बघायचा. एकेक निर्णय माणसाकडून मशीनकडे कसा गेला, आणि एक मशीन त्या प्रवाहात मागे का थांबलं, हे त्यातून कळतं.

आरशाची भानगड

सुरुवात टोकियोत, १९१९ साली. असाही नावाची कंपनी तिथे चष्म्याच्या काचा बनवायला लागली. पुढे ती कॅमेऱ्याच्या लेन्स बनवू लागली, आणि १९५२ मध्ये तिने 'असाहीफ्लेक्स' आणला. हा जपानचा पहिला ३५ मिलिमीटर एसएलआर.

एसएलआर म्हणजे काय, ते एका मिनिटात समजून घेऊ. फिल्म कॅमेऱ्यात मोठा प्रश्न असा, की लेन्सला जे दिसतंय ते तुम्हाला दिसणार कसं? लेन्सच्या मागे तर फिल्म बसलीय, आणि तिला उजेड लागला की संपलंच. उपाय असा : लेन्स आणि फिल्मच्या मधे ४५ अंशांत एक आरसा ठेवायचा. लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो आणि तुम्हाला चित्र दिसतं. फोटो काढायच्या क्षणी आरसा वर उचलला जातो, उजेड थेट फिल्मवर पडतो.

ही युक्ती जपानी नाही. जर्मनीत ड्रेस्डेनला १९३६ मध्येच असा ३५ मिलिमीटर कॅमेरा तयार झाला होता. पण दोन त्रास होते. एक, फोटो काढल्यावर आरसा वरच अडकून राहायचा. पुढची फिल्म ओढेपर्यंत डोळ्यासमोर काळोख. धावणाऱ्या माणसाचा फोटो काढलात तर फोटोनंतर तो कुठे गेला हे तुम्हाला कळणारच नाही. दोन, वरून वाकून बघितलं की चित्र डाव्याचं उजवं दिसायचं. माणूस उजवीकडे चालला, की चित्रात तो डावीकडे जाणार.

असाहीने पहिला त्रास १९५४ मध्ये सोडवला : असाहीफ्लेक्सच्या नव्या मॉडेलमध्ये आरसा फोटो झाला की लगेच खाली यायचा. दुसऱ्या त्रासावर जर्मन कॅमेऱ्यांनी आधीच उत्तर शोधलं होतं, ते म्हणजे पेंटाप्रिझम, पाच कोनांचा काचेचा लोलक. तो चित्र पुन्हा सरळ करतो. जुन्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर जे उंचवट्यासारखं टोपरं दिसतं ना, त्याच्या आत हाच लोलक असतो. १९५७ मध्ये असाहीने दोन्ही गोष्टी एका कॅमेऱ्यात आणल्या. शिवाय उजव्या अंगठ्याने एकदा ओढायचा खटका, की फिल्म पुढे. त्या कॅमेऱ्याचं नाव असाही पेंटॅक्स. पुढची तीस वर्षं जगातले बहुतेक एसएलआर साधारण याच मांडणीचे होते. कुठलाही जुना एसएलआर हातात घ्या, अंगठा आपोआप बरोबर जागी जातो.

मग १९६४ मध्ये आला स्पॉटमॅटिक. यात उजेड मोजायचं मीटर कॅमेऱ्याच्या आत, लेन्समधून येणारा उजेड मोजणारं. नावाची गंमत बघा : १९६० मध्ये प्रदर्शनात दाखवलेला नमुना खरंच चित्रातला एक छोटा 'स्पॉट' मोजायचा. बाजारात आलेला कॅमेरा मात्र सगळ्या चित्राची सरासरी घ्यायचा. फीचर बदललं, नाव तसंच राहिलं. आमच्या कोडमध्ये अशी नावं ढिगाने सापडतात.

१९७६ : चुकीच्या वेळी आलेला कॅमेरा?

आता १९७५ आणि १९७६ ही दोन वर्षं नीट बघा, कारण इथेच खरी गंमत आहे.

१९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. १०० बाय १०० पिक्सेल, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. तुमच्या फोनचा हा पणजोबा.

१९७६ मध्ये कॅननने एई-१ आणला, मायक्रोप्रोसेसर असलेला पहिला एसएलआर. शटरचा वेग तुम्ही ठरवा, उजेडाचं छिद्र किती उघडायचं ते चिप ठरवेल. जाहिराती, धडाका, सगळं जग इलेक्ट्रॉनिक व्हायला निघालेलं.

आणि त्याच वर्षी पेंटॅक्सने काय आणलं? के-१०००.

झालं असं, की १९७५ मध्ये पेंटॅक्सने लेन्स बसवायची जुनी पद्धत सोडली. आधी लेन्स बाटलीच्या झाकणासारखी आटे फिरवून लावावी लागायची. आता खाचेत बसवून थोडी फिरवली की 'टक' करून लागते, हाच के-माउंट. त्यासोबत तीन कॅमेरे आले : के-२, केएक्स आणि केएम. केएम सगळ्यात साधा. के-१००० म्हणजे केएममधूनही काही गोष्टी काढून टाकलेला कॅमेरा. सेल्फ-टायमर काढला. फोटोत पुढचं-मागचं किती स्पष्ट येईल हे आधी बघायची कळ काढली. उद्देश एकच, स्वस्त कॅमेरा. नावातले १००० म्हणजे शटरचा सगळ्यात जास्त वेग, एका सेकंदाचा हजारावा भाग.

थोडक्यात, हा त्या घरातला सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात कमी लाडाचा भाऊ. पण के-२, केएक्स, केएम ही थोरली भावंडं काही वर्षांतच बंद झाली. धाकटा मात्र १९८५ मध्ये मिनोल्टाचा ऑटोफोकस एसएलआर आला तेव्हाही दुकानात होता, आणि नव्वदीत डिजिटल कॅमेरे विकायला लागले तेव्हाही होता.

आत काय चालतं

के-१००० मध्ये बॅटरी आहे, एक छोटी बटण-बॅटरी, एलआर४४. घड्याळाच्या दुकानात मिळते. पण ती फक्त मीटरसाठी. बॅटरी मेली तरी कॅमेरा चालतो. शटर, आरसा, फिल्म, सगळं स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर. अंगठ्याने खटका ओढता तेव्हा तुम्ही फिल्म पुढे नेता आणि त्याच झटक्यात शटरला चावीही देता. पुढच्या फोटोची ऊर्जा तुमच्या अंगठ्यातून येते.

शटर म्हणजे कापडाचे दोन पडदे, फिल्मच्या अगदी पुढे. बटण दाबलं की पहिला पडदा सरकून उजेडाला वाट देतो, थोड्या वेळाने दुसरा मागून येऊन वाट बंद करतो. १/६० सेकंदापर्यंत एक क्षण असा येतो की पूर्ण फ्रेम उघडी असते. त्याहून वेगात गेलात की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठीवर निघतो, आणि फिल्मवरून एक उभी फट सरकत जाते. म्हणूनच फ्लॅश वापरायचा तर १/६० किंवा त्याहून कमी वेग. जास्त वेगाला फ्लॅशचा उजेड फक्त त्या फटीपुरता पडेल आणि अर्धा फोटो काळा.

आता फोन काढा आणि फिरत्या पंख्याचा व्हिडिओ घ्या. पाती वाकडी दिसतात ना? फोनचा सेन्सर चित्र एका वेळी पूर्ण वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. सरकत्या फटीचाच हा नवा अवतार. कापड गेलं, फट राहिली.

मीटर त्याहून साधं. खिडकीतून बघितलं की उजव्या कडेला एक सुई दिसते. उजेड जास्त झाला की सुई वर, कमी पडला की खाली. मधोमध आणली की झालं. चालू-बंद बटण का नाही? मीटर उजेडावर चालतं. लेन्सला झाकण लावलं की अंधार, आणि अंधारात वीज जवळजवळ खर्चच होत नाही. झाकण हाच स्विच. मला या डिझाइनचं मनापासून कौतुक वाटतं. एक पार्ट कमी, एक बिघाड कमी.

वापरायचा कसा

डावीकडची रिळाची खुंटी वर ओढली की मागचं दार उघडतं. फिल्मचा डबा डाव्या खोबणीत. फिल्मचं टोक उजव्या रिळाच्या खाचेत सरकवायचं, खटका ओढून बघायचं, कडेची भोकं दात्यांवर बसलीत ना. दार बंद. दोन रिकामे फोटो. आणि आता महत्त्वाची गोष्ट : खटका ओढताना डावीकडची खुंटी आपोआप फिरतेय का ते बघा. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही, आणि तुम्ही ३६ फोटो हवेत काढणार आहात.

मग फिल्मचा वेग शटरच्या डायलवर लावायचा, २० ते ३२०० पर्यंत. फिल्म ४०० ची असेल तर ४००.

पुढचं सगळं दोन आकड्यांचं गणित आहे. शटरच्या डायलवर लिहिलंय : १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १०००. म्हणजे सेकंदाचे भाग. एक घर पुढे गेलात की उजेड निम्मा. लेन्सच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. इथेही एक घर पुढे की उजेड निम्मा. म्हणजे १२५ आणि ८ वर जो उजेड मिळतो, तोच २५० आणि ५.६ वर, आणि तोच ६० आणि ११ वर. सुई तिन्ही वेळा मधेच. पण फोटो तीन वेगळे. पहिल्यात सगळं मध्यम. दुसऱ्यात धावणारं पोर जास्त गोठेल आणि मागची भिंत पुसट होईल. तिसऱ्यात मागची भिंतही स्पष्ट, पण पोर हललं तर रेघ उमटणार.

यातला 'बरोबर' कुठला? मीटर सांगत नाही. ते सांगूच शकत नाही. ते तुम्हाला फक्त उजेडाचा हिशेब देतं.

आणि बॅटरी संपली तर? उन्हासाठी जुना ठोकताळा आहे : लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ वर आणि शटर फिल्मच्या वेगाच्या जवळच्या आकड्यावर. ४०० ची फिल्म, तर ५००. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या दुपारी हा नियम सुईशिवायही चालतो.

फोकससाठी लेन्सचं मोठं कडं फिरवायचं. चित्राच्या मधे एक बारीक चमचमणारं वर्तुळ असतं, फोकस चुकला असेल तर तिथलं चित्र थरथरतं, बरोबर आला की शांत होतं. रोल संपला की खालचं छोटं बटण दाबायचं, डावीकडची कळ फिरवून फिल्म डब्यात परत गुंडाळायची. हाताला सैल लागलं, की मगच दार उघडायचं.

त्याला कोणी जगवलं?

मग हा एवढा टिकला कसा? उत्तर बाजारात कमी आणि वर्गात जास्त सापडतं. अमेरिकेत आणि इतर देशांत फोटोग्राफीच्या वर्गांमध्ये शिक्षक मुलांना सांगायचे, पूर्ण मॅन्युअल चालेल असा कॅमेरा घेऊन या. नव्या कॅमेऱ्यांत तसे कमी कमी होत गेले, आणि के-१००० हा 'विद्यार्थ्यांचा कॅमेरा' झाला. शाळा-कॉलेजांनी तो डझनांनी घेतला. एकाच मॉडेलवर पूर्ण वर्ग शिकू शकायचा, कारण त्यात शिकवण्यासारखं फक्त तेवढंच होतं, आणि जे होतं ते सगळं शिकायचंच होतं.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्याच दिवशी सगळं आयतं करून देणारी लायब्ररी हातात मिळाली, तर प्रोग्रॅम चालतो, पण बिघडला की कुठे बघायचं कळत नाही. के-१००० मध्ये फोटो बिघडला, तर कारण तीन-चार जागांपैकी एका ठिकाणीच असतं आणि त्या चारही जागा तुम्ही स्वतः हाताने फिरवलेल्या असतात. शिक्षकांना नेमकं हेच हवं होतं.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. त्या काळात भारतात परदेशी कॅमेऱ्यावर आयातीचे निर्बंध आणि जबरदस्त कर. असा कॅमेरा घरात आला तर बहुतेक वेळा परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून. बऱ्याच मध्यमवर्गीय मराठी घरांत पहिला कॅमेरा होता तो भारतात बनलेला अगफा क्लिक-३, एका रोलवर १२ फोटो. आणि ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची 'इंदू'. त्यामुळे ज्या पिढीने एसएलआर हातात घेतला, तिने एकेक फ्रेम मोजून वापरली. घरच्या अल्बममध्ये एकाच प्रसंगाचे दोन फोटो क्वचितच सापडतात, त्याचं कारण हेच.

बंद पडल्यावर काय हरवतं

के-१००० आधी जपानमध्ये बनायचा. १९७८ मध्ये काम हाँगकाँगला गेलं, १९९० च्या सुमारास चीनमध्ये. नंतरच्या कॅमेऱ्यांत वरचा-खालचा पत्रा जाऊन प्लॅस्टिक आलं. किंमत खाली ठेवायची तर हे होणारच होतं. यांत्रिक कॅमेऱ्यात शेकडो बारीक भाग माणसाने बसवावे आणि जुळवावे लागतात. चिपची किंमत दरवर्षी उतरते, माणसाच्या हाताची उतरत नाही. एकेकाळी स्वस्त पडायचा म्हणून जन्मलेला कॅमेरा शेवटी बनवायला परवडेना.

१९९७ मध्ये त्याच्या जागी एमझेड-एम आला. मॅन्युअल फोकस, पण फिल्म मोटरने पुढे जाणार, आणि बॅटरीशिवाय काहीच चालणार नाही. कागदावर सरस. पण के-१००० ची जागा त्याला कधी मिळाली नाही.

मग डिजिटलची लाट. पेंटॅक्सचा शेवटचा फिल्म एसएलआर २००३ मध्ये आला. कंपनी आधी होयाकडे गेली, २०११ मध्ये रिकोकडे. आणि डिसेंबर २०२२ मध्ये रिकोने जाहीर केलं, आम्ही पुन्हा फिल्म कॅमेरा बनवण्याच्या प्रयत्नात आहोत. त्या घोषणेतली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून टोचली. फिल्म कॅमेरे बनवलेली माणसं निवृत्त होत चाललीत, त्यांच्याकडचं ज्ञान तरुण इंजिनिअर्सपर्यंत आत्ता पोचलं नाही तर कायमचं जाईल, ही त्यांची मुख्य काळजी होती. म्हणजे ज्या कंपनीने लाखो वेळा अंगठ्याचा तो खटका बनवला, तिलाच तो पुन्हा बनवताना जुन्या माणसांकडे जावं लागलं.

२०२४ मध्ये पेंटॅक्स १७ आला. अर्ध्या फ्रेमचा, ३६ च्या रोलवर ७२ फोटो, उभी फ्रेम, कारण आता आपण फोन उभा धरतो. उजेड तो स्वतः मोजतो आणि ठरवतो. पण फिल्म पुढे न्यायचा खटका अंगठ्यानेच ओढायचा.

आराखडा जपून ठेवता येतो. पण 'हा स्क्रू एवढाच आवळायचा, पुढे नाही' हे कागदावर पूर्ण उतरत नाही. आमच्या धंद्यातही कोड सगळा सर्व्हरवर असतो, आणि तो तसा का लिहिला हे एका माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस नोकरी सोडतो तेव्हा कळतं. कॅमेऱ्याच्या बाबतीत ही माणसं फक्त जपानमध्ये नाहीत. मुंबईत फोर्टला, बोरा बाजारच्या आसपास, किंवा तुमच्या गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत असा एखादा दुरुस्तीवाला अजून असू शकतो.

हातात आला तर

घरच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात के-१००० मिळाला तर एवढं बघा. मागचं दार उघडा, कडेचा काळा फोम हाताला चिकटत असेल तर तो बदलावा लागेल, नाहीतर फोटोवर उजेडाचे पट्टे येतील. हे काम स्वस्तात होतं. शटर १ सेकंदावर लावून कान द्या. दीड-दोन सेकंद घेत असेल तर आतलं तेल सुकलंय. मग १००० वर लावा आणि उघड्या दारातून उजेडाकडे बघत बटण दाबा. फ्रेमच्या दोन्ही कडांना उजेडाची झलक दिसायला हवी. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर नको. सुई हलत नसेल तरी लगेच नाही म्हणू नका, नवी बॅटरी टाकून बघा. आणि मीटर मेलेलंच निघालं तर? तुमच्या फोनवर लाइट मीटरचं ॲप येतं. १९७६ च्या कॅमेऱ्याला आजचा फोन मदत करतो, आणि दोघांची काही तक्रार नसते.

एक विनंती. कॅमेरा दुरुस्तीला दिलात तर नुसता ठेवून येऊ नका. वेळ असेल तर थोडं थांबा, काय उघडलं, काय साफ केलं, का केलं, ते विचारा. ते काका परवानगी देत असतील तर त्याच फोनवर रेकॉर्ड करा. हजारो फोटोंमध्ये तो एक व्हिडिओ पुढे कोणालातरी खरंच लागेल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात जुना कॅमेरा असेल, कुठलाही, तर तो कोणी आणला आणि त्यावर पहिला फोटो कोणाचा निघाला, हे घरच्यांना विचारून कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.